साष्टीचीं देवळें आणि समुद्र

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेंत देवळाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे पाया कोणत्या सालीं घातला, कोणते पाद्री किती वर्षें होते, घंटा कोणीं अर्पण केली, एवढें नमूद करावें असा आपला प्रघात आहे. तो चांगलाच आहे; तसें न केल्यास पुढच्या पिढीस नांवेंहि उरणार नाहींत. परंतु ज्या भिंतींच्या आंत आपल्या पणजोबांचा स्नानसंस्कार झाला त्या भिंती कशाच्या केल्या होत्या, खिडक्यांस कांच येण्यापूर्वीं काय होतें, वेदीमागच्या कोनाड्यावर शिंपलाच कां काढला, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्यांचाच थोडा विचार करावयाचा आहे. आणि तो करूं लागलें कीं प्रत्येक वाट अखेर समुद्रकांठीं जाऊन पोंचते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं नांवें आज आगगाडीच्या स्थानकांचीं म्हणून आपल्या तोंडीं बसलेलीं आहेत. हीं सर्व स्थळें एकाच बेटावर आहेत ही गोष्ट मात्र विसरल्यासारखी झाली आहे. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस माहीमची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र, असें हें साष्टी बेट. सहासष्ट गांवांचें म्हणून साष्टी, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. माहीमचा बंधारा १८४५ त खुला झाला आणि १८५३ त बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धांवूं लागली. त्यापूर्वींच्या शतकांत साष्टीकराचें मुंबईस जाणें म्हणजे खाडी ओलांडणें हें ठरलेलेंच होतें. मुलुंड-भांडुपच्या रहिवाशास आज घरांतून लाट दिसत नाहीं. परंतु त्याच्या पूर्वेस मिठागरें पसरलेलीं आहेत, आणि जेथवर मिठागर तेथवर समुद्राची हद्द, हें आगरी बांधवांस कोणी शिकवावयास नको.

या बेटावर काथलिक देवळें कशीं आलीं तें सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथच्या बहादूरशहानें तह करून वसई व तिच्या ताब्यांतील बेटें पोर्तुगीजांच्या स्वाधीन केलीं. प्रथम फ्रान्सिस्कन संन्यासी आले, मागाहून येशूसंघीय पाद्री आले. वांद्र्याचें संत आंद्रे यांचें देऊळ १५७५ चें. एरंगळचें संत बोनाव्हेंचर यांचें देऊळहि त्याच सुमाराचें. कोंडिविट्याचें संत योहान बाप्तिस्ता यांचें देऊळ १५७९ चें. बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या प्राचीन शैव लेण्यांच्या माथ्यावर फ्रान्सिस्कनांनीं मठ व विद्यालय उभारलें. त्याच्या छप्पर नसलेल्या भिंती अद्याप उभ्या आहेत. पुढें १७३७ त मराठ्यांनीं साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई सर केली, आणि १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला पडून साष्टी इंग्रजांकडे गेली. म्हणजे दोनशें वर्षांचा पोर्तुगीज अंमल. आपल्या देवळांच्या बांधणीची रीत या दोनशें वर्षांत ठरली.

समुद्राचीं चिन्हें दगडांत आणण्याची हौस पोर्तुगालांत त्याआधींच शिगेस पोंचली होती. राजा मानुएल पहिला १४९५ पासून १५२१ पर्यंत गादीवर होता. त्याच्याच कारकीर्दींत, १४९८ त, वास्को द गामा कालिकतास उतरला. मिऱ्यांच्या व्यापारावर राजाचा जो कर बसे त्याच्या उत्पन्नांतून लिस्बनजवळ बेलें येथें जेरोनिमोस मठाचें काम चाललें. त्या मठाच्या खांबांवर व कमानींवर पाथरवटांनीं पिळाचे दोर, गांठी व नानाविध वेलबुट्टी काढली आहे. खगोल मोजण्याचा वलयांकित गोल, जो त्या राजाचें चिन्ह होता, तो जागोजागीं आहे. तोमार येथील ख्रिस्ताच्या मठांत १५१० ते १५१३ च्या दरम्यान दियोगो द आरूदा यानें घडविलेली एक खिडकी आहे. तींत जहाजाचे दोरखंड, समुद्रांतलीं शेवाळें, प्रवाळ व जाळ्यांचे तरंगणारे गोळे इतक्या दाटीनें कोरले आहेत कीं, एखाद्या जहाजाचें तारवट भिंतीवर येऊन अडकलें आहे असें वाटावें. या शैलीस मानुएलाईन असें नांव आहे. तें नांव मात्र त्या काळचें नव्हे. व्हार्नहागेन नांवाच्या इतिहासकारानें तें १८४२ त प्रथम वापरलें. ज्यांनीं तें काम केलें त्यांस आपण एखादी निराळी शैली चालवीत आहों याची वार्ताहि नसावी.

आपल्याकडे या शैलीचें प्रत्यक्ष दर्शन होतें तें गोव्यांत. जुन्या गोव्यांतील आसिसीचे संत फ्रान्सिस यांच्या देवळाचें दार त्या घडणीचें आहे. बाकीचें देऊळ १६६१ त नव्यानें बांधलें, परंतु दार जुनेंच ठेविलें. तेथेंच टेकडीवर रोझरी मातेचें देऊळ आहे. १५१० त गोवा घेतांना आफोंसो द आल्बुकेर्क यानें केलेल्या नवसाचें तें फळ, असें सांगतात. सध्यांची इमारत १५४० नंतरच्या दशकांतली. तिचे वाटोळे बुरूज किल्ल्याच्या बुरुजांसारखे आहेत आणि भिंतींवरून दगडी दोरखंडाचा पट्टा फिरविला आहे. बांधलेली नौका जशी खुंट्यास दोरानें जखडावी तसें तें देऊळ टेकडीस जखडल्यासारखें दिसतें.

साष्टींत मात्र असा दगडी दोरखंड शोधूं जाल तर निराशाच होईल. याचें कारण कालगणनेंत आहे. वसई पोर्तुगीजांकडे आली त्या वेळीं मानुएल राजा मरून तेरा वर्षें झालीं होतीं, आणि त्याच्या मुलाच्या दरबारांत इटालियन पद्धतीच्या साध्या खांबांची व त्रिकोणी माथ्यांची आवड रुजली होती. शिवाय खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या संन्याशांपाशीं मिऱ्यांच्या कराचा पैसा नव्हता. म्हणून आपल्या देवळांनीं समुद्र कोरून घेतला नाहीं. त्यांनीं तो अंगांत मुरवून घेतला. माझ्या मतें ही गोष्ट अधिक मोलाची आहे, आणि तिजकडे आपलें लक्ष जात नाहीं हें आपलें दुर्दैव.

आधीं भिंती पाहूं. साष्टी बेट काळ्या दगडाचें आहे. बांधकामास दगड मुबलक, आणि तो चांगलाहि; इतका कीं गोव्याच्या बॉम जेझू देवळाच्या दर्शनी भागासाठीं, जें १५९४ ते १६०५ मध्यें बांधलें, वसईकडचा काळा दगड जहाजांतून नेला. परंतु दगडास दगड जोडावयास चुना लागतो, आणि चुनखडीचा डोंगर या बेटावर नाहीं. तेव्हां चुना आणावयाचा कोठून? समुद्रांतून. कालवें, तिसऱ्या, खुबे यांचीं कवचें खाडीच्या चिखलांत व पुळणीवर ढिगांनीं पडलेलीं असतात. बायामुलांनीं तीं वेंचावयाचीं, धुवावयाचीं, आणि भट्टींत लांकडांचा वा कोंड्याचा एक थर व शिंपल्यांचा एक थर असे रचून रात्रंदिवस जाळावयाचीं. सुमारें ९०० अंशांच्या उष्णतेस कवचांतील वायु निघून जातो व मागें कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलें कीं तो खदखदून फुटतो. यास चुना विरविणें म्हणतात. विरलेला चुना वाळूबरोबर घाणींत घालून बैलाच्या फेऱ्यांनीं दळावयाचा. पाण्यांत धरावा म्हणून विटकरीची भुकटी, चिकटपणा यावा म्हणून गूळ किंवा बेलफळाचा गर, असे पदार्थ त्यांत घालीत. ही विद्या पोर्तुगीजांनीं आणलेली नव्हे. त्यांच्यापूर्वीं शेंकडों वर्षें कोंकणांत ती चालत होती. देवळें बांधणारे हात येथलेच होते.

या चुन्याचा एक गुण येथें सांगितला पाहिजे. भिंतीस लावलेला चुना हवेंतला तोच वायु, जो भट्टींत गमावला होता, हळूहळू पुन्हां शोषून घेतो व टणक होतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां तो पुन्हां शिंपलाच होतो. म्हणजे साष्टीच्या जुन्या देवळाची भिंत ही शिंपल्यांची भिंत आहे असें म्हटल्यास त्यांत अलंकार मुळींच नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर वाळू व शिंपले एकत्र घट्ट होऊन बनलेला एक दगडहि सांपडतो. त्यास करळ म्हणतात. समुद्राकांठच्या बांधकामांत तोहि वापरीत. हें सर्व सामान त्या त्या गांवाच्या लोकांच्या पायांखालचें होतें. दूरचा माल कौलें काय ती. आणि तींहि पूर्वीं गांवच्या कुंभाराकडचीं नळीचीं असत. बासल मिशनच्या प्लेबस्त नांवाच्या गृहस्थानें १८६५ त मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, तेव्हांपासून चपटीं मंगळुरी कौलें गलबतांत भरून आपल्या बंदरांत येऊं लागलीं.

आतां खिडक्या. हा विषय मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा.

खाडीच्या चिखलांत एक चपटी, वाटोळी शिंप सांपडते. शास्त्रज्ञ तिला प्लाकुना प्लासेंटा म्हणतात. ती तळहाताएवढी होते, आणि इतकी पातळ असते कीं उजेडास धरली असतां पलीकडच्या बोटांची सांवली दिसते. या शिंपेच्या कडा कातरून सुमारें दोन-तीन इंचांचे चौकोनी तुकडे करीत, ते घांसून साफ करीत, आणि लांकडी पट्ट्यांच्या जाळींत एकावर एक किंचित् चढवून बसवीत. झालें तावदान. यूरोपांतून कांच आणावयाची तर ती सहा महिन्यांच्या प्रवासांत फुटावयाची, आणि न फुटली तरी तिची किंमत गरीब देवळास कोठून झेपणार? शिंप मात्र फुकट. शिवाय कांचेंतून ऊन जसेंच्या तसें आंत येतें व डोळ्यांस खुपतें. शिंपेंतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो. उष्ण कटिबंधांतील देवळास हाच उजेड योग्य. ज्यांनीं तो पाहिला आहे त्यांस अधिक सांगणें नलगे.

डॉक्टर जॉन फ्रायर नांवाचा इंग्रज कंपनीचा एक वैद्य १६७३ च्या अखेरीस मुंबईस आला. त्याचें प्रवासवृत्त १६९८ त लंडनास छापलें गेलें. तो लिहितो कीं, मुंबईंतील बहुतेक घरें ठेंगणीं व झावळ्यांनीं शाकारलेलीं आहेत. पोर्तुगीजांनीं मागें ठेविलेल्या व कंपनीनें बांधलेल्या थोड्या चांगल्या घरांच्या खिडक्यांस कांचेऐवजीं चौकोनी कापून घासलेल्या शिंपा लावतात, आणि त्या दिसावयासहि शोभिवंत असतात. परक्या मुलुखांतल्या बहुतेक गोष्टींस नाक मुरडणाऱ्या या गृहस्थास आपल्या खाडीची शिंप आवडली, ही लहानशी गोष्ट नव्हे. मुंबई त्या वेळीं इंग्रजांकडे येऊन आठनऊ वर्षेंच झालीं होतीं. म्हणजे ही रीत मागच्या पोर्तुगीज अमदानींतली, आणि खाडीपलीकडच्या साष्टींत तर तो अंमल त्या वेळींहि चालूच होता.

गोव्यांत, दमणांत जुन्या घरांच्या खिडक्यांस अशीं तावदानें अद्याप आढळतात. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्येंहि तीं पाहावयास मिळतात. फिलिपीन बेटांत स्पॅनिश अंमलाखालीं हीच युक्ति निघाली व तेथें ही शिंप कापीझ या नांवानें प्रसिद्ध झाली. आपल्या उपनगरांत मात्र कांच स्वस्त झाली तशी शिंप गेली. प्रथम एखादें तावदान फुटलें म्हणून त्याजागीं कांच लावली, मग दुसऱ्या खिडकीस शोभावी म्हणून सगळ्याच खिडक्यांस लावली, मग रंगीत कांच आली. आज कोणास पुन्हां शिंपा बसवाव्या असें वाटलें तरी त्या खाडींतून काढतां येणार नाहींत. भराव, मैला व बेसुमार वेंच यांमुळें ही शिंप दुर्मिळ झाली असून वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें तिला आसरा दिलेला आहे. म्हणून ज्या कोणाच्या माळ्यावर जुन्या खिडकीची जाळी पडून असेल त्यानें ती जळणांत घालूं नये, एवढी विनंति येथें करून ठेवितों.

शिंपल्याचा दुसरा अवतार वेदीवर आहे. संतांच्या मूर्ति ज्या कोनाड्यांत ठेवितात त्यांच्या माथ्यावर पुष्कळदां पंख्यासारख्या रेघांचा अर्धा घुमट असतो. तो शिंपल्याचा आकार होय. ही घडण मूळ रोमन लोकांची. पंधराव्या शतकांत इटलींतील कारागिरांनीं ती पुन्हां प्रचारांत आणिली, आणि पाद्र्यांच्या पुस्तकांतील चित्रांतून ती गोव्यास व वसईस आली. गोव्याच्या देवळांत तर या शिंपला-घुमटास मोठा मान मिळाला. गवंड्याच्या दृष्टीनेंहि ती सोयीची, कारण अर्ध्या घुमटास चुन्याचा गिलावा देतांना मधल्या उंच रेघांनीं जोर येतो व तडा दिसत नाहीं. पण केवळ सोय म्हणून ती टिकली नाहीं. स्पेनमधील सांतियागो येथें संत याकोबाच्या कबरीच्या यात्रेस जाणारे लोक परततांना तेथल्या किनाऱ्यावरचा शिंपला टोपीवर लावून येत. त्यामुळें शिंपला म्हणजे यात्रेकरूची खूण झाली. आणि स्नानसंस्काराच्या वेळीं बालकाच्या मस्तकावर पाणी ओतावयाचें पात्र पुष्कळ ठिकाणीं आजहि शिंपल्याच्या आकाराचें असतें, कोठें तर खरा शिंपलाच असतो. पारिस येथील सेंट सुल्पीस देवळांत दाराशीं तीर्थजलासाठीं दोन प्रचंड शिंपले ठेविले आहेत. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें ते फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिस राजास नजर केले होते. एवढे मोठे शिंपले आपल्या समुद्रांत मिळत नाहींत, आणि मिळाले असते तर आपल्या कोळणींनीं त्यांचा कालवणासाठीं उपयोग केला असता यांत मला शंका नाहीं.

देवळाच्या मधल्या दालनास पोर्तुगीज व इंग्रजी भाषांत जें नांव आहे त्याचें मूळ लॅटिन 'नाविस', म्हणजे जहाज, या शब्दांत सांगतात. आपली नाव व संस्कृत नौ हे शब्द त्याच कुळांतले. ही कल्पना फार जुनी आहे. चौथ्या शतकांत सीरियाकडे संकलित झालेल्या प्रेषितीय नियमांच्या ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, देऊळ लांबट व पूर्वाभिमुख असावें, म्हणजे तें जहाजासारखें दिसेल. बिशपनें सुकाणूवाल्याप्रमाणें बसावें व सेवकांनीं खलाशांप्रमाणें उतारूंची व्यवस्था राखावी. नोहाचें तारू व संत पेत्राचें मचवें हीं दोन्ही त्या कल्पनेमागें उभीं आहेत. साष्टींतील जुन्या देवळांत हें ग्रंथांतून शिकविण्याची गरज पडली नसावी. लांब, अरुंद दालन. वर सागवानाच्या कैच्या व तुळया. खालून पाहिलें असतां होडी उलटी करून ठेवल्यासारखें छप्पर. पावसाळ्यांत कोळी होड्या काढून पुळणीवर उलट्या घालतात व झांपांनीं शाकारतात, तें ज्यानें पाहिलें आहे त्यास देवळाच्या छपराची ओळख करून द्यावयास नको. नावा बांधणारे सुतार व देवळांचे सुतार वसईच्या किनाऱ्यावर एकाच लांकडावर, एकाच हत्यारांनीं काम करीत.

कोळ्यांचा विषय निघाला म्हणून एरंगळबद्दल दोन शब्द लिहितों. मढ बेटावर अगदीं पुळणीशीं हें पांढरें देऊळ आहे. संत बोनाव्हेंचर यांचा सण पंचांगाप्रमाणें जुलैंत येतो. जुलैंत दर्या खवळलेला, होड्या ओढून ठेविलेल्या, वाट चिखलाची. म्हणून जत्रा भरते ती जानेवारीच्या दुसऱ्या रविवारीं. रोममधल्या पंचांगास येथें दर्याच्या पंचांगापुढें वांकावें लागलें असें मीं समजतों. पूर्वीं वेसाव्याहून, उत्तनहून, मनोरी-गोराईहून होड्या भरून लोक येत आणि रात्रीं पुळणीवर चुली पेटत. उत्तनचें देऊळ तर सरळसरळ दर्यामातेच्या नांवाचें आहे, आणि वांद्र्याच्या देवळास गालिलीचा मासेमार आंद्रे हा आश्रयदाता लाभला.

वांद्र्याच्या डोंगरावरील मातेस आपण मोत माऊली म्हणतों. मोत हा शब्द 'माउंट' चा अपभ्रंश, असें विद्वान म्हणतात. मोत्याची माऊली असा अर्थ कोळणी करतात. मातेची मूर्ति एका कोळ्यास दर्यांत सांपडली अशी वांद्र्याची परंपरा आहे, आणि ती ऐकल्यावर विद्वानांपेक्षां कोळणींचा अर्थच मला गोड वाटतो. १७३९ च्या धामधुमींत डोंगरावरचें जुनें देऊळ नाहींसें झालें. १७६१ च्या सुमारास तें पुन्हां उभें राहिलें. हल्लींचें टोंकदार कमानींचें देऊळ १९०४ चें असून त्याचे शिल्पी शापूरजी चंदाभाई हे होते. समुद्रांतून येणाऱ्या होडीस तें दुरून दिसतें.

यानंतर समुद्राची दुसरी लाट उपनगरांत आली ती १९३० नंतर, आणि ती देवळांत न येतां घरांत आली. त्या काळीं यूरोप व अमेरिका यांमध्यें धांवणाऱ्या प्रचंड आगबोटींनीं जगास वेड लाविलें होतें. १९२३ त ल कोर्बुझिए या शिल्पशास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथांत आगबोटींचीं चित्रें छापून शिल्पकारांस त्यांपासून धडा घ्यावयास सांगितलें. मुंबईंत बॅक बेच्या भरावावर मरीन ड्राइव्हच्या इमारती उठल्या. त्यांच्या गोल खिडक्या, डेकाच्या कठड्यासारखे सज्जे, गलबताच्या नाळेसारखे वळलेले कोपरे हें सर्व आगबोटीवरून घेतलेलें. त्यास आपण आतां आर्ट डेको म्हणतों. व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह या समूहास युनेस्कोनें २०१८ त जागतिक वारशांत स्थान दिलें. ही आवड लवकरच वांद्रें, खार, सांताक्रूझ येथल्या बंगल्यांत उतरली. गांवठाणांतल्या ज्या ईस्ट इंडियन कुटुंबांतील मुलें आगबोटीवर किंवा कंपन्यांच्या कचेऱ्यांत नोकरीस लागलीं त्यांच्याहि घरांस लाटांच्या नक्षीच्या लोखंडी जाळ्या व गोल झरोके लागले. ओट्याच्या घरावर आगबोटीचा कठडा कांहींसा विजोड दिसे हें खरें. पण ज्याचा पुत्र आगबोटीवर होता त्यास तो विजोड वाटला नसेल. ईस्ट इंडियन हें नांवहि तसें नवेंच, १८८७ त आमच्या समाजानें धारण केलेलें. त्या मानानें घराचा कठडा नवा असल्यास तक्रार कसली?

सिमेंट-काँक्रीटच्या पातळ, वक्र छतास शिल्पशास्त्रांत आतां 'शेल' म्हणजे कवच हाच शब्द रूढ आहे. दादरच्या साल्वाशियन मातेच्या देवळाची, ज्यास सर्व मुंबई पोर्तुगीज चर्च म्हणून ओळखते, चार्ल्स कोरिया यांनीं १९७० नंतरच्या दशकांत नव्यानें रचना केली. तेथें उंच काँक्रीटचीं कवचें असून त्यांच्या माथ्यांतून तापलेली हवा बाहेर जाते. मूळचें देऊळ १५९६ चें. म्हणजे शिंपल्याच्या चुन्यापासून शिंपल्याच्या आकारापर्यंतची मजल एकाच जागीं पाहावयास मिळते. कित्येक वृद्ध भाविकांस तें देऊळ देवळासारखें वाटत नाहीं, मला वाटतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतों. साष्टींतील जुन्या देवळांची डागडुजी हल्लीं ठिकठिकाणीं चालली आहे, आणि महोत्सव आला म्हणजे तिला विशेषच जोर येतो. पैसा जमतो, उत्साह असतो, वेळ थोडा असतो. मग जुना गिलावा खरवडून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवितात, वर तैलरंग देतात, आणि सणाच्या दिवशीं भिंत आरशासारखी चकाकते. परंतु सिमेंट, ज्याचा दाखला आस्पडिन नांवाच्या इंग्रजानें १८२४ त घेतला, हा निराळ्या जातीचा पदार्थ आहे. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यांत ती ओल शोषते व उन्हाळ्यांत सोडते, आणि खाऱ्या हवेंतून आलेलें मीठ पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन झडून जातें. सिमेंटचा थर ही वाट बंद करतो. ओल आंतच कोंडते, मीठ आंतच दाणे धरतें व फुगतें, आणि दहा-पंधरा वर्षांत गिलावा मोठमोठ्या पापुद्र्यांनीं सुटतो. सुटतांना मागचा जुना चुनाहि घेऊन येतो. मग लोक म्हणतात, भिंतच जुनी झाली, पाडून टाका. पूर्वीं मिठानें जी भिंत चार शतकांत हलली नाहीं ती आपल्या एका दुरुस्तीनें हलते. काँक्रीटचीहि गति याच खाऱ्या हवेंत फारशी बरी नाहीं. आंतली सळई गंजून फुगली कीं तें फुटतें. मरीन ड्राइव्हच्या सज्जांस ज्यांनीं टेकू लावलेले पाहिले आहेत त्यांस हें ठाऊक आहे.

एका देवळांत, ज्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं, दुरुस्तीच्या वेळीं जुन्या गिलाव्याचे ढीग आवारांत टाकले होते. त्यांतला एक ढेंकूळ मीं फोडून पाहिला. आंत तिसरीचें एक अर्धवट जळलेलें कवच होतें, त्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. भट्टीवाल्याच्या हातून तें कच्चें राहून गेलें असावें. कंत्राटदारानें तो ढीग संध्याकाळीं उचलून नेला व भरावांत टाकला.

चुन्याचें काम जाणणारे गवंडी अजून अगदींच संपलेले नाहींत. जुन्या इमारतींच्या जतनाचें काम करणारे शिल्पशास्त्रज्ञ मुंबईंत आहेत आणि ते चुना विरवून, महिनोन्महिने मुरवूनच वापरतात. खर्च प्रथम अधिक येतो, वेळ पुष्कळ लागतो. महोत्सवाची तारीख गांठावयाची असेल तर हें काम तिच्यापूर्वीं दोन वर्षें तरी काढावें लागेल. धर्मग्रामाच्या सभेपुढें जेव्हां जेव्हां गिलाव्याचा ठराव येईल तेव्हां सभासदांनीं निदान एवढा प्रश्न विचारावा, कीं भिंत कशाची आहे.

कोंडिविट्याचें संत योहान बाप्तिस्ता यांचें देऊळ या सर्वांतून सुटलें, कारण तें सोडून दिलेलें आहे. १८४० त गांवांत रोगाची सांथ पसरली व लोक मरोळास उठून गेले. पुढें ती जागा उद्योगक्षेत्रांत गेली. १९७३ त स्थापन झालेल्या सीप्झच्या कुंपणाआड हें देऊळ आज उभें आहे. छप्पर नाहीं, दारें नाहींत, पण दर्शनी भिंत व कमानी उभ्या आहेत. वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, तेथें मिस्सा होते व मरोळचे लोक आपल्या पूर्वजांच्या देवळांत जातात. त्या भिंतींवर कोणीं सिमेंट चढविलेलें नाहीं. जेथें गिलावा गळला आहे तेथें दगडांमधला चुना उघडा दिसतो, आणि पावणेदोनशें पावसाळे उघड्यावर काढूनहि तो दगडांस धरून आहे. मरोळास नवें देऊळ बांधलें तेव्हां गांवकऱ्यांनीं जुन्या देवळांतले खांब, मूर्ति व स्नानसंस्काराचें कुंड आपल्याबरोबर नेलें.